औषधांतील निष्क्रिय घटक : एका कापड व्यापाऱ्याचे निवेदन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नाही, औषधनिर्माता नाही, विज्ञान शाखेचा विद्यार्थीही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. संयोजकांनी मला 'व्यापार आणि सचोटी' असा विषय सुचविला होता. तो बदलून घेण्याची विनंती मीच केली. विषय बदलला असला तरी सचोटीचा प्रश्न त्यात आहेच, फक्त तो दुकानातला नसून घरातला आहे. तो सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

सन 2009 च्या पावसाळ्यात माझ्या मातोश्रींची आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्यांचे वय 78 वर्षांचे होते. त्या दुसऱ्या प्रतिमेच्या व्रतधारी. गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग, हे त्यांच्या बाबतीत नियम म्हणून पाळले जात नव्हते, तो त्यांचा श्वासोच्छ्वास होता. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच रात्री त्यांनी मला विचारले होते, "रात्री हे पाणी शिरेतून चाललंय, ते रात्रिभोजनात धरायचं का रे?" मी हसलो होतो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते, कारण प्रश्न अत्यंत गंभीर होता आणि तो विचारणारी व्यक्ती वेदनेने तळमळत असताना विचारीत होती.

तोंडाने अन्न देणे बरेच दिवस शक्य नव्हते. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की शक्ती झपाट्याने उतरत आहे, शिरेतूनच पोषण द्यावे लागेल. परिचारिकेने दुधासारख्या पांढऱ्याशुभ्र द्रवाची पिशवी आणून टांगली. आईने ती पाहिली.

"अरे, दूध शिरेतून घालतात का?"

"दूध नाही आई. सोयाबीनचं तेल आहे, पाण्यात मिसळलेलं."

"नुसतं सोयाबीनच ना?"

"हो."

पिशवीवरील इंग्रजी मजकूर मी तत्पूर्वी वाचला होता. त्यावर सोयाबीन तेल 20 टक्के, अंड्याच्या बलकातील शुद्ध केलेले फॉस्फोलिपिड 1.2 टक्के आणि ग्लिसरीन 2.25 टक्के असे स्वच्छ लिहिलेले होते. व्यापाऱ्याची सवय असल्यामुळे मनातल्या मनात हिशेबही झाला होता. अर्ध्या लिटरच्या पिशवीत तेल शंभर ग्रॅम आणि अंड्यातील तो पदार्थ सहा ग्रॅम. शंभर ग्रॅमचे नाव मी घेतले आणि सहा ग्रॅम गिळून टाकले. धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा'ची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती आपल्या तोंडून किती सहज निघते हे मला त्या दिवशी कळले.

आई बरी झाली. मात्र ते सहा ग्रॅम माझ्या डोक्यातून जाईनात. ते त्या पिशवीत कशासाठी होते? त्यांच्यावाचून चालले नसते का? या प्रश्नांच्या मागे लागून मी जे वाचले, आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या माझ्या पुतण्याकडून जे समजावून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत हे सांगावयास शास्त्रज्ञ लागत नाही. बाटलीत घालून कितीही हलविले तरी थोड्या वेळात तेल वर येते. परंतु असा काही पदार्थ असतो की ज्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे टोक तेलाला. आपल्या बाजारपेठेतील अडत्याच म्हणा ना, शेतकऱ्याचाही ओळखीचा आणि व्यापाऱ्याचाही. हा पदार्थ तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती कडे करून उभा राहतो व त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. अशा मिश्रणाला आपल्या मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत 'पायस' म्हणतात आणि ते टिकवून धरणाऱ्या पदार्थाला 'पायसीकारक'. पायस म्हणजे खीर हा अर्थ आपल्याला अधिक जवळचा आहे. पण शब्द चपखल आहे, कारण दूध हेच निसर्गाने केलेले सर्वांत परिचित पायस होय.

आता शिरेतून देण्याच्या पायसाकडे वळू. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात मायक्रॉन रुंदीची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फुप्फुसातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या त्याच मापाच्या. तेलाचे थेंब त्याहून मोठे झाले तर ते तेथे अडकतील आणि रोगी दगावेल. म्हणून अमेरिकेच्या औषधकोशातील मानकानुसार या थेंबांचे सरासरी माप अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी असावे लागते, आणि पाच मायक्रॉनहून मोठ्या थेंबांचे प्रमाण एकूण चरबीच्या 0.05 टक्क्याच्या आत असावे लागते. पिशवी कारखान्यातून निघून, गोदामात पडून, ट्रकमधून प्रवास करून रुग्णाच्या उशाशी टांगली जाईपर्यंत हे माप ढळता कामा नये. ते धरून ठेवण्याचे काम ते सहा ग्रॅम करतात.

या द्रावणाचा इतिहासही मला फार उद्बोधक वाटला. अमेरिकेत यापूर्वी सरकीच्या तेलाचे असे एक पायस विकले जात असे. सरकी हा शब्द दिसताच साहजिकच माझे कान टवकारले, आमचा सारा व्यवसाय सरकीच्या वरच्या तंतूवर चालतो. परंतु त्या द्रावणाने रुग्णांना कावीळ, रक्तस्राव असे त्रास होऊ लागले आणि 1960 च्या दशकात ते बाजारातून काढून घ्यावे लागले. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी अनेक तेले व अनेक पायसीकारके तपासून सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड ही जोडी निवडली. 1962 साली स्वीडनमध्ये ते वापरात आले. आज जगभर शिरेतून दिल्या जाणाऱ्या चरबीयुक्त द्रावणांचा पाया तोच आहे. त्यांत तेले बदलली, ऑलिव्हचे आले, माशाचे आले, पण पायसीकारक मुख्यत्वे अंड्याचेच राहिले. फॉस्फोलिपिड हे आपल्या स्वतःच्या पेशींच्या आवरणातही असते, म्हणून शरीर ते परके मानीत नाही.

याच पदार्थाच्या मिश्रणाला लेसिथिन म्हणतात. फ्रान्समधील गोबली या औषधशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते बलकातून वेगळे केले आणि बलकाच्या ग्रीक नावावरूनच त्याचे नामकरण केले. म्हणून नावात अंडे आहे. मात्र आज बिस्किटात, चॉकलेटात, अनेक औषधांत वापरले जाणारे लेसिथिन बहुतांशी सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे असते. तेव्हा लेसिथिन हा शब्द दिसताच दचकण्याचे कारण नाही, आणि निश्चिंत होण्याचेही नाही. नावावरून उगम कळत नाही, हीच या साऱ्या प्रकरणातील मेख आहे.

औषधशास्त्रात अशा घटकांना 'निष्क्रिय' म्हणतात. रोगावर ज्याचा परिणाम होतो तो सक्रिय घटक, बाकी सारे निष्क्रिय. कोट शिवावयास येणारा गिऱ्हाईक सुटिंगच्या कापडाचा भाव करतो. अस्तर कोणते, छातीत कॅनव्हास कोणता, दोरा कोणता हे विचारणारा शेकड्यात एखादा. परंतु कोट अंगावर उभा राहतो तो कॅनव्हासमुळे. आणि निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी असेही नव्हे. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे चांगले औषध द्रवरूपात देण्यासाठी ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविण्यात आले. औषधात दोष नव्हता, ज्यात ते विरघळविले तो द्रव विष होता. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत बालके कितीतरी, आणि 1938 साली अमेरिकेला नवा औषध कायदा करावा लागला. तेच विष 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून आले आणि 14 रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवण असेल. 2022 मध्ये गांबिया देशातील आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातही हेच. हे विष पायसीकारक नव्हे, विषयांतर झाले हे मान्य. पण निष्क्रिय या शब्दावर विसंबून डोळे मिटणाऱ्यांसाठी ते सांगणे आवश्यक वाटले.

माझ्या लहानपणी कंपाउंडर खलबत्त्यात औषध घोटून देत असत. तेलाचे पायस करण्याचे त्यांचे प्रमाण ठरलेले होते : तेल चार भाग, पाणी दोन भाग, डिंक एक भाग. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा, मुख्यतः सुदानमधून येणारा. आमच्या धंद्यातही कापडावरील छपाईचा रंग दाट करण्यासाठी हाच डिंक पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. डिंक म्हणजे झाडाच्या जखमेवर आलेला चीक. त्यात प्राणिजन्य काही नाही. पण त्या पायसातले तेल कशाचे, हा प्रश्न उरतोच. पाठीवर भला मोठा मासा घेतलेल्या कोळ्याचे चित्र असलेली स्कॉट्स इमल्शनची बाटली शेजारच्या घरी होती. त्यांची मुले नाक दाबून ते औषध घेत आणि आमच्याकडे हेव्याने पाहत. कॉड माशाच्या यकृताचे ते तेल आमच्या उंबऱ्याच्या आत येणे शक्यच नव्हते. एकच बाटली, त्यात एक घटक निर्दोष आणि दुसरा त्याज्य.

येथे मला कापडाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवताना आपले घर झाकून ठेवणे योग्य नव्हे. मागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात. इचलकरंजीला सायझिंगचे कारखाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे. खळ मुख्यतः स्टार्चची. पण सूत मऊ राहावे, तुटू नये म्हणून त्यात चरबी घालण्याची पद्धत जुनी आहे, आणि ती चरबी बहुधा मेंढीची असे. माझ्या आईला हे वडिलांकडून कळले होते. मंदिरात न्यावयाचे कोणतेही नवे वस्त्र ती दोनदा गरम पाण्याने धुतल्याखेरीज वापरू देत नसे. मांजरपाटाचे ठाण आम्ही 'शुद्ध सुती' म्हणून विकत होतो. सुती होते, यात संशय नाही. 1983 साली वनस्पती तुपात आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले तेव्हा आम्ही व्यापारी मंडळी तावातावाने निषेध करीत होतो. घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "तुमच्या ठाणाला काय लावलेलं असतं ते गिऱ्हाइकाला सांगता का?"

चरबीचे रसायनशास्त्र ज्यांनी प्रथम उलगडले त्या शेव्हरूल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मलमे व क्रीम यांना आजही लागणाऱ्या दोन पदार्थांची ओळख करून दिली. एक स्टिअरिक आम्ल. 'स्टिअर' म्हणजे ग्रीक भाषेत घट्ट चरबी. दुसरा सीटिल अल्कोहोल. तो त्यांनी 1817 साली देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून मिळविला, आणि देवमाशाच्या लॅटिन नावावरून हे नाव आले. आपल्या घरातील कोणत्याही औषधी क्रीमच्या नळीवर सीटोस्टिअरिल किंवा सीटिल हे शब्द शोधा, सापडण्याची शक्यता पुष्कळ आहे. अल्कोहोल म्हटले तरी ते मद्य नव्हे, मेणासारखा घट्ट पांढरा पदार्थ आहे. पूर्वी त्यासाठी देवमासे मारले जात. 1986 पासून व्यापारी देवमासेमारीवर आंतरराष्ट्रीय स्थगिती आली. आता हा पदार्थ पाम तेलापासून अथवा खनिज तेलापासून होतो. नावात देवमासा आणि नळीत ताड! परंतु त्या ताडाच्या लागवडीसाठी इंडोनेशिया आणि मलेशियातील मोठमोठी अरण्ये साफ झाली, त्यातील ओरांगउटानसारखे जीव निराश्रित झाले, हेही वाचनात आले. तेव्हा वनस्पतिजन्य हा शिक्का उमटला म्हणून हिशेब पूर्ण होतो असे मला म्हणवत नाही.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरील मेण. कातरलेली लोकर धुताना ते निघते. ते आपल्या वजनाहूनही अधिक पाणी धरून ठेवते, म्हणून मलमात वापरतात. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. मात्र लोकर देणे थांबल्यावर त्या मेंढीचे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. मधमाशीचे मेण तर प्राचीन. रोमन साम्राज्यातील प्रसिद्ध वैद्य गॅलेन यांच्या नावावर मेण, तेल आणि गुलाबपाणी यांचे जे थंडावा देणारे मलम सांगतात, तेच आजच्या कोल्ड क्रीमचे मूळ. पुढे त्यात टाकणखार घालू लागले. तो मेणातील आम्लाशी संयोग पावून एक प्रकारचा साबण तयार करतो आणि तोच तेल-पाण्याला बांधून ठेवतो. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्या मूलगुणांत आहे. मधाचे पोळे पिळून निघालेले मेण ओठाला लावावे काय, हा प्रश्न माझ्या एका नातीने मला विचारला. खाणे आणि लावणे यात भेद आहे असे मी म्हणालो. "ओठाला लावलेलं पोटात जातंच की, आजोबा," असे ती म्हणाली. मी निरुत्तर झालो.

सर्वांत अवघड घटक पॉलिसॉर्बेट 80. तो सॉर्बिटॉल, एथिलीन ऑक्साइड आणि ओलेइक आम्ल यांपासून करतात. सॉर्बिटॉल मक्यासारख्या धान्याच्या साखरेपासून येते. ओलेइक आम्ल मात्र ऑलिव्हचे असू शकते, तसेच जनावराच्या चरबीचेही. तयार झालेला पदार्थ तोच, गुणधर्म तेच, नाव तेच. 2021 साली आपल्यापैकी बहुसंख्यांनी घेतलेल्या, पुण्यात तयार झालेल्या कोविशिल्ड लसीच्या जाहीर घटकांतही पॉलिसॉर्बेट 80 होते. कृपया गैरसमज करून घेऊ नये. त्या लसीतील ते कशापासूनचे होते याविषयी मी काहीही सूचित करीत नाही. सांगावयाचे एवढेच की घटकाचे नाव छापूनही ग्राहकाला त्याचा उगम कळत नाही.

आणि येथे तर नावही छापले जात नाही. आपण औषधाची पट्टी हातात घेऊन पाहा. सक्रिय घटकाचे नाव आणि मिलिग्रॅममधील प्रमाण छापलेले असते. रंग कोणता तेही असते. बाकीच्यांसाठी बहुधा दोनच शब्द : 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' हे लॅटिन संक्षेपाक्षर आहे, त्याचा अर्थ 'पुरेसे होईल तितके'. आम्ही जर बिलावर 'इतर माल, पुरेसा होईल तितका' असे लिहिले असते तर विक्रीकर अधिकाऱ्याने आमच्या पेढीला टाळे ठोकले असते. युरोपातील देशांत औषधासोबतच्या पत्रकात सर्व निष्क्रिय घटकांची नावे द्यावी लागतात. तेथे उगम सांगितला जातोच असे नाही, पण निदान नावे तरी असतात.

आपल्या देशात 2001 साली पाकीटबंद खाद्यपदार्थांवर हिरवा आणि तपकिरी ठिपका आला. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांनाही तो असावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. नोव्हेंबर 2002 मध्ये उच्च न्यायालयाने जीवनरक्षक औषधे वगळून इतर औषधे व प्रसाधने यांवर असे चिन्ह असावे असा निर्णय दिला. आपण काय सेवन करीत आहोत हे जाणण्याचा नागरिकास हक्क आहे, हा त्याचा आधार होता. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. 7 मार्च 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नियम करण्याचे काम न्यायालयांनी आपल्याकडे घेऊ नये, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. मला मात्र राहून राहून असे वाटते की आपण ठिपक्याच्या मागे फार लागलो. पॉलिसॉर्बेटवर कोणता ठिपका लावणार? लॅनोलिनवर? ठिपक्याऐवजी नावे आणि उगम छापा एवढीच मागणी आपण एकमुखाने केली असती तर ती नाकारणे अधिक कठीण गेले असते. हे माझे वैयक्तिक मत आहे.

प्राणिजन्य घटक काढून वनस्पतिजन्य घालणे सोपे असते तर एवढा विचार करावा लागला नसता. एरंडेल घ्या. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला. एरंडेलापासून एक शक्तिशाली पायसीकारक तयार होते. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील मोठे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते त्यात विरघळवितात. पण या पायसीकारकाची अनेक रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते, ती इतकी की औषधापूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन ठेवावी लागतात. हे टाळण्यासाठी 2005 साली अमेरिकेत त्याच औषधाचा दुसरा प्रकार आला. त्यात एरंडेल नाही, मानवी रक्तातील अल्ब्युमिन आहे. भूल देण्याच्या प्रोपोफोलचेही तसेच. प्रथम ते एरंडेलाच्याच पायसीकारकात करून पाहिले. धोकादायक प्रतिक्रिया आल्या, ते मागे घ्यावे लागले. 1986 साली ते सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या पांढऱ्या पायसाच्या रूपात पुन्हा आले आणि जगभर रूढ झाले. या सभागृहात ज्यांची पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या शिरेतून ते गेले असण्याची शक्यता आहे.

संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आपण शिकतो. औषधातील सहा ग्रॅम यांपैकी कोठे बसतात, त्यात अनुमोदना किती आणि विवशता किती, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. तो मुनिराजांचा आणि विद्वज्जनांचा. कोणीही हे भाषण ऐकून चालू औषध परस्पर बंद करू नये, अशी हात जोडून विनंती आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची, हृदयविकाराची गोळी सोडून आपण अहिंसा पाळली असे कोणी मानू लागला तर ते पाप माझ्या माथी येईल. पर्याय आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे. कॅप्सूलच्या बाबतीत सेल्युलोजच्या आवरणाचा पर्याय आता आहे. काही औषधे गोळीच्या रूपातही मिळतात. शिरेतील चरबीच्या बाबतीत तसा सुटसुटीत पर्याय मला अद्याप कोणी सांगितलेला नाही.

माझी खंत निराळी आहे. आईला पिशवी लावावी की नाही हा निर्णय डॉक्टरांचा आणि तिचा होता. मी खोटे बोलून तो तिच्याकडून काढून घेतला. 2010 च्या दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी प्रवचन ऐकताना मला बसवेना. क्षमावाणीच्या दिवशी मी तिच्यापाशी गेलो आणि सारे सांगितले. शंभर ग्रॅम, सहा ग्रॅम, सारे.

ती बराच वेळ माळ ओढीत राहिली. मग म्हणाली, "मी नको म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू सांगितलं नाहीस."

मी होय म्हणालो.

"मी नको म्हटलंच असतं असं नाही," ती म्हणाली. "मला विचारायला हवं होतंस."

तिने स्वतःसाठी वर्षभर एक रस सोडला. मला तिने काहीही सोडावयास सांगितले नाही. "तुला अक्षरं वाचता येतात, मला इंग्रजी येत नाही. इथं येणाऱ्या कितीजणींना येत नाही. त्यांना वाचून दाखव, पूर्ण," असे म्हणाली. 2011 च्या वैशाखात तिने शांतपणे देह ठेवला.

त्यानंतर पुतण्याच्या मदतीने मी एक वही सुरू केली. नेहमी लागणाऱ्या औषधांच्या कंपन्यांना पत्र लिहावे, निष्क्रिय घटकांची नावे व उगम विचारावा, आणि उत्तर येईल तसे उतरवून ठेवावे, असा क्रम. निम्म्याहून कमी पत्रांना उत्तरे आली. काहींनी 'व्यावसायिक गुप्तता' असे कळविले. काहींनी मात्र इतकी तपशीलवार आणि विनयशील उत्तरे दिली की ती पत्रे मी जपून ठेवली आहेत. वहीत तीन रकाने आहेत : वनस्पतिजन्य अथवा खनिजजन्य, प्राणिजन्य, आणि अज्ञात. तिसरा रकाना सर्वांत लांब आहे. ती वही आता आपल्या ट्रस्टच्या औषधपेढीत टेबलावर ठेवलेली असते. कोणीही पाहावी. इंग्रजी येत नसेल त्यांना बुधवारी आणि शनिवारी सायंकाळी मी स्वतः वाचून दाखवितो.

शेवटी एक दुरुस्ती. त्वचेच्या एका मलमाची नोंद वहीच्या दुसऱ्या रकान्यात होती. गेल्या महिन्यात त्या कंपनीचे पत्र आले की त्यातील स्टिअरिक आम्ल आता पाम तेलापासूनचे आहे. नोंद बदलली आहे. तसेच ज्या एका सिरपला आम्ही पहिल्या रकान्यात ठेवले होते, त्याच्या कंपनीने पुरवठादार बदलल्यानंतर उगमाविषयी लेखी उत्तर देणे थांबविले आहे. ते नाव तिसऱ्या रकान्यात नेले आहे. ज्यांनी जुनी नोंद पाहून काही सुरू वा बंद केले असेल त्यांनी कृपया पेढीत येऊन वही पुन्हा एकवार पाहावी.

जय जिनेंद्र.